तिसऱ्या घंटेची दोरी

आणि क्लाइव्हला माझ्याबद्दल परस्पर पत्र पाठवायला तुला कुणी सांगितलं होतं, नकुल? "आई आता परत येणार नाही, तिची जागा दुसऱ्या कुणाला द्या." हे तू लिहिलंस जानेवारीत. मला कळलं गेल्या रविवारी, क्लाइव्हनं फोन करून "ऐकून वाईट वाटलं" म्हटल्यावर. मी म्हटलं, काय ऐकून? त्यानं तुझं पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाला, ईस्टरपर्यंत चर्चमधली तुझी घंटेची दोरी कुणाला देत नाही, त्यानंतर मात्र सहावा माणूस बघावा लागेल. मी तुझ्या खोलीत येऊन विचारलं तर तू लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालास, "आई, बी प्रॅक्टिकल. तिकडे तुला काही झालं तर?"

हे "काही झालं तर" मी तीन वर्षं ऐकते आहे. म्हणून हा कागद. काही झालं तर कुणी काय करायचं ते सगळं इथे लिहून ठेवते. म्हणजे तो प्रश्न मिटला आणि मी जायला मोकळी.

तर मी, रुपाली संजीव ढमाले, वय छप्पन, माहेर भोर तालुक्यात, शाळा सातवीपर्यंत, राहणार २ मिल लेन, नेदर कोम्बर्न, श्रॉपशर, इंग्लंड. सध्या मुलाच्या घरी, ॲन आर्बर, मिशिगन. "सध्या" हा शब्द अंतरानं दोनदा खोडायला सांगितला, कायद्यात त्याचा उपयोग नाही म्हणाली. मी ठेवला आहे. अंतरा म्हणजे आपल्या शेजारच्या कुमारकाकांची मुलगी, वकील आहे. "मावशी, तुम्ही तुमच्या भाषेत लिहा, मी इंग्लिशमध्ये बसवते," म्हणाली, म्हणून बसवण्याची जबाबदारी तिची.

माझं डोकं ठिकाणावर आहे. बीपीची एक गोळी सोडली तर औषध नाही. हे मी स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या हातानं लिहिते. माझ्यावर कुणाची बळजबरी नाही. बळजबरी चालली आहे ती न लिहिण्याची. याआधी मी असला कागद केलेला नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही. अंमलबजावणी माझ्या मुलीनं, प्रीतानं करावी. ती रेडमंडला असली तरी फोन उचलते. नकुल, तुला राग येईल. येऊ दे.

कलम पहिलं. घर.

घर माझं आहे, आधी दोघांचं होतं, संजीव गेल्यावर माझं एकटीचं. विकायचा कागद तू फ्रिजवर मॅग्नेटखाली लावून ठेवला आहेस, मी दूध काढायला जाता-येता सही करावी म्हणून. पाच महिने झाले, सही झालेली नाही, यावरून समजायला हवं होतं.

संजीव दूध काढायच्या यंत्रांचा फिटर होता. आसपासच्या बावीस गोठ्यांतली यंत्रं त्याच्या हाताखालून जायची. ज्या शेतकऱ्याकडे आधी काम मिळालं त्याच्याच गड्याचं हे घर, पुढे आम्ही विकत घेतलेलं, खाली दोन खोल्या, वर दोन, मागे परस, आणि परसातून ओढ्यापर्यंत पायवाट. ती वाट साऱ्या गावाची. आम्ही राहायला गेलो त्या आठवड्यात वाळत घातलेल्या चादरीखालून एक बाई कुत्रं घेऊन वाकून आली आणि "मॉर्निंग" म्हणाली. मी काठी घेऊन धावले. ती मॉरीन, आमची शेजारीण. ही वाट कुणाला अडवता येत नाही, तुझ्या परसातून गेली तरी नाही, हे तिनं मला काठीच्या टोकाशी उभं राहून समजावलं. तेव्हा चीड आली होती. नंतर कुणी गेलं नाही की चुकल्यासारखं व्हायचं. एजंटानं तुला सांगितलं आहे की वाटेला कुंपण घालून किंमत वाढवता येईल. त्याला सांग, मॉरीन अजून जिवंत आहे.

हे घर माझ्यामागे नकुल आणि प्रीताला अर्धं-अर्धं. अट अशी, की दर उन्हाळ्यात दोघांपैकी एकानं तरी पोराबाळांसह तीन आठवडे तिथे राहायचं. पाहुण्यांना रोजाच्या भाड्यानं द्यायचं नाही. दाराला आकडे दाबायचं कुलूप लावायचं नाही. ज्याला अट पटत नाही त्यानं लिहून द्यावं, त्याचा हिस्सा दुसऱ्याला. दोघांनाही नको असेल तर घर आमच्या घंटा वाजवणाऱ्यांच्या मंडळाला. गावात राहायला जागा मिळत नाही म्हणून शिकायला आलेली पोरं टिकत नाहीत, त्यांच्यापैकी कुणाला तरी ते द्यावं. अंतरा म्हणते हे किचकट आहे. असू दे किचकट, ती शिकलेली आहे.

"देअर इज नथिंग देअर, आई," असं तू मला म्हणालास, आणि तुझ्या बायकोसमोर, सावनीसमोर म्हणालास. सहा वर्षांचा होतास तेव्हा त्या नथिंगमध्ये दिवसभर सापडायचा नाहीस. रविवारी घंटा वाजवून झाल्या की आपण चौघं ओढ्याच्या कडेनं चालायला जायचो. डब्यात उकडलेली अंडी, कागदाच्या पुडीत तिखटमीठ, थर्मासमध्ये चहा. शेताच्या फाटकावर ओळीनं बसून खायचं. गाई येऊन तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. सप्टेंबरात कुंपणाच्या काटेरी जाळीतली ब्लॅकबेरी तोडायची. घरी येईपर्यंत तुझा शर्ट जांभळा आणि डबा रिकामा. तरी थोडी राहायची, तिचा मी मुरांबा करायची आणि तू तो चपातीच्या सुरळीत घालून शाळेत न्यायचास. संजीव गोठ्यावरून यायचा, अंगाला आयोडीनचा आणि दुधाचा वास, आणि जेवताना गाईंच्या कागाळ्या सांगायचा. शेतकऱ्यानं गाईंना नुसते नंबर दिले होते. ह्यानं नावं ठेवली, हौसा, चंद्री, ढवळी. पुढे शेतकरीच फोन करून विचारायला लागला की हौसा आज का लंगडते.

तुझ्या इथल्या घरामागे एवढं अंगण आहे. तीन वर्षांत तू तिथे दोनदा गेलास, तेही गवत कापायला आलेल्या माणसाशी बोलायला. मी मोजलं आहे, कारण खिडकीत मीच असते.

कलम दुसरं. हत्यारं.

संजीवची हत्यारांची लोखंडी पेटी प्रीताला. पाने, स्पॅनर, रबरी नळ्या, सगळं. नकुलला त्यातलं काही देऊ नये. नळ गळला की हा फोनवर माणूस बोलावतो आणि तो माणूस येईपर्यंत खाली बादली मी लावते. प्रीता आठ वर्षांची असताना बापाला गोठ्यात बॅटरी धरायची, आणि बारा वर्षांची असताना तिनं आमचं वॉशिंग मशीन उघडलं. बंदही केलं, पण दोन स्क्रू उरले. ते दोन स्क्रू पेटीतच आहेत. मशीन अजून चालतं.

कलम तिसरं. दागिने.

पाटल्या सावनीला, माझ्या सुनेला. कुणाला वाटेल सासू-सुनेचं बरं आहे. तसं काही नाही. फोडणी दिली की ती "आई, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट" करत धावत येते, आणि भिंतीवरचं ते धुराचं यंत्र माझ्याच मोहरीला ओरडतं. पण मला ताप आला होता तेव्हा तिनं ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली आणि माझे पाय दाबत बसली. कुणाला सांगितलंही नाही. ते मी बघितलं आहे. पाटल्या तिच्या हाताला सैल होतील, तिनं वाटल्यास मोडून दुसरं काही करावं, माझी हरकत नाही. प्रीताला साखळी. तिला सोनं आवडत नाही, तरी घ्यावी.

कलम चौथं. बचत.

शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं भांडी घासून आणि बटाटे सोलून साठलं ते. त्यातून आधी माझं शेवटचं उरकावं, राहील ते नातीला, आन्याला, ती अठरा वर्षांची झाल्यावर. जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

कलम पाचवं. मॉरीन आणि बरणी.

चिनी मातीची मोठी बरणी मॉरीनला द्यावी. का, ते लिहिते. गावात दर ऑगस्टला भाज्या-फळांचं प्रदर्शन भरतं. एका वर्षी मी बर्मिंगहॅमहून आणलेल्या कैरीचं लोणचं ठेवलं, वर बोटभर तेल. परीक्षक मॉरीन. तिनं चिठ्ठी डकवली, "तेल फार. बाद." वर तेल नसेल तर बुरशी येते, हे त्या बाईला माहीत नाही आणि ती परीक्षक. मी अकरा महिने तिच्याशी बोलले नाही. घंटेच्या खोलीत तेवढी मान हलवायची, कारण दुसरी घंटा तिची आणि मला तिच्या मागून वाजवायचं असतं. पुढच्या जुलैत ती स्वतःच दारात आली, हातात रिकामी बरणी. म्हणाली, माझा नवरा तुझं बाद झालेलं लोणचं चीजबरोबर खाऊन संपवून बसला आहे. माफी मागितली नाही. माझ्या कोंबड्या आज तीन वर्षं ती सांभाळते आहे, दर रविवारी अंड्यांचा फोटो पाठवते. तरी माफी राहिलीच आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

कलम सहावं. दोरी.

दोरी माझ्या मालकीची नाही, चर्चची आहे. "मावशी, जे तुमचं नाही ते तुम्हाला देता येत नाही," असं अंतरा म्हणाली. देत नाही. सांगते फक्त, आणि हे वाचल्याशिवाय बाकीचं कुणाला कळणार नाही.

आम्ही गेलो त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सुगीचा सण होता. मॉरीन म्हणाली, चर्चमध्ये भोपळे, कणसं, पाव सगळं मांडतात, बघायला ये. मी साडी नेसून गेले. आत शिरले तर डाव्या हाताला मनोऱ्याखाली सहा दोऱ्या लोंबत होत्या, धरायच्या जागी लोकरीचे रंगीत गोंडे. देवळात शिरल्यावर आपण काय करतो? घंटा वाजवतो. मी चपला काढल्या, तिसरी दोरी जवळ होती ती धरली आणि ओढली. तिथे पाटी होती म्हणे. असेल, इंग्रजीत होती.

त्या लोकांच्या घंटा वाजवून झाल्यावर कधी कधी तोंड आभाळाकडे करून उभ्या ठेवतात, आणि त्या दिवशी दुपारी लग्न होतं म्हणून ठेवल्या होत्या. दोरी ओढली की अडीचशे किलोची घंटा गरकन पूर्ण गोल फिरते. वर काहीतरी काडकन मोडलं आणि दोरी मला घेऊन वर गेली. सोडून द्यायची असते हे मला कुठे माहीत. मी घट्ट धरली. पुरुषभर उंच गेले आणि दाराशी रचलेल्या भोपळ्यांवर येऊन पडले, म्हणून मनगटावर भागलं.

सगळं गाव धावलं. संजीव गोठ्यातून रबरी बुटांनी तसाच आला. म्हणाला, "अगं, काय केलंस?"

मी म्हटलं, "नमस्कार करायला गेले होते."

तो हसायला लागला ते थांबेचना, आणि मला तिथेच रडू फुटलं. मग क्लाइव्ह आला. मनोऱ्याचा तो मुख्य, तेव्हा पस्तिशीचा होता. हातात मोडलेला लाकडाचा दांडा, घंटेला वर उभी धरणारा. मला वाटलं आता भरपाई मागणार. तो म्हणाला, इतकं घट्ट धरणारं माणूस मी सहा वर्षं शोधतो आहे. हात बरा झाला की बुधवारी संध्याकाळी ये.

घंटा वाजवायला लिहिणं-वाचणं लागत नाही. आकडे लागतात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि मग दर फेरीला आपण एक जागा पुढे नाहीतर मागे सरकायचं. कुणाच्या मागून यायचं ते डोळ्यानं धरायचं, हात आपोआप जातो. एक चुकला की सहाही जणांचं बिघडतं. म्हणून सगळे तुझ्याकडे बघत असतात आणि तू सगळ्यांकडे. चोवीस वर्षं मी तिसरी घंटा वाजवली, लग्नाला, बारशाला, मयताला, नव्या वर्षाला. त्या खोलीत डॉक्टर होता, ट्रॅक्टरवाला होता, शाळेची हेडबाई होती. मी किती शिकले हे कुणी एकदाही विचारलं नाही. इथे मंडळाच्या गणपतीला गेले की पहिला प्रश्न, "तुम्ही कुठल्या फील्डमध्ये होतात?" मी एकदा म्हटलं, बटाट्याच्या. एका बाईनं घंटेचं ऐकून तोंड वाकडं केलं, "चर्चमध्ये? रुपालीताई, आपल्यात चालतं का हे?" मी म्हटलं, मी घंटा वाजवते, गुडघे टेकत नाही. गुडघे माझे दुखतात.

जिन्याच्या कठड्याला गाऊनचा पट्टा बांधलेला आहे, तो नकुलला वाळत टाकलेला वाटतो आणि तो सोडून टाकतो. तो माझा सरावाचा आहे. आन्या खालच्या पायरीवर बसून आकडे म्हणते. आठ वर्षांची पोर, पण कान पक्का. "आज्जी, यू आर लेट. अगेन." मी म्हणते, मराठीत सांग. ती म्हणते, "आज्जी, तू लेट." माझ्यामागे तिला शिकावंसं वाटलं तर तिला क्लाइव्हकडे न्यावं. हात लांब होईपर्यंत थांबावं. नको म्हणाली तर ओढून नेऊ नये, मला लहानपणी जिथे जिथे ओढून नेलं तिथे मी काही शिकले नाही.

कलम सातवं. माझं शेवटचं.

जिथे मरेन तिथे जाळावं. विमानातून नेऊ नये. चर्चमध्ये प्रार्थना नको, फक्त घंटा. मयताला घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोळीला एका बाजूनं चामडं बांधतात. एक टोला मोठा पडतो, दुसरा खूप लांबून आल्यासारखा. तसं वाजवावं.

संजीवसाठी तसं वाजवलं होतं. तिसरी मी वाजवली, पाऊण तास. नकुल, तू आदल्या दिवशी इथून पोचला होतास. आत येऊन माझ्या कानाशी म्हणालास, "आई, पीपल आर वेटिंग. तू घंटा काय वाजवत बसलीस?" मी तेव्हा उत्तर दिलं नाही कारण फेरी चालू होती. आता देते. रडायला मला नंतर घरी पुष्कळ वेळ होता. त्याच्यासाठी वाजवायला तेवढी एकच दुपार होती.

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. तो गोठ्यात पडला आणि रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली. रस्ता अरुंद, पुढे मेंढरं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, ती पन्नास मिनिटं मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. पण बाप तिथे मेला म्हणून आईनं तिथे जगायचंच नाही, हे तू कुठून काढलंस? तीन महिने चल म्हणालास, मी आले. मग ग्रीन कार्डचे कागद चालू आहेत, बाहेर जाता येणार नाही, म्हणालास. मी थांबले. कार्ड आलं. आता म्हणतोस, गेलीस तर कार्ड जाईल. जाऊ दे. मी ते मागितलं नव्हतं.

मी मेल्यावर काय ते सगळं वर लिहून झालं. मरेपर्यंत मी नेदर कोम्बर्नला राहणार.

हे मी वाचून दाखवलं, एकदा थांबून पाणी प्यायले, आणि दोघा साक्षीदारांच्या समोर सही केली. दोघांनाही यातलं काही मिळणार नाही हे त्यांना माहीत आहे. कुमारकाकांनी विचारलं, "रुपाली, नकुलला आधी दाखवायचं का?" मी म्हटलं, त्यानं पत्र पाठवताना मला दाखवलं होतं का? मग त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

सही: रुपाली संजीव ढमाले

साक्षीदार:
१. कुमार दत्तात्रय पोंक्षे, निवृत्त बालरोगतज्ज्ञ, ॲन आर्बर
२. अंतरा कुमार पोंक्षे, वकील, ॲन आर्बर

ठिकाण: पोंक्ष्यांचं जेवणाचं टेबल, ॲन आर्बर, मिशिगन
तारीख: ८ मार्च २०२६, रविवार

सह्यांच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत असं अंतरा सांगते आहे. हे कायद्यासाठी नाही, नकुलसाठी आहे.

एक एप्रिलचं डेट्रॉइटहून तिकीट माझ्या पैशानं काढलं आहे. पाच तारखेला ईस्टर. माझा पासपोर्ट तुझ्या टेबलाच्या खणात आहे आणि किल्ली तुझ्या जुडग्यात. पासपोर्ट माझ्या हातात देणार की नाही, आणि क्लाइव्हला दुसरं पत्र, "आई येते आहे" असं, माझ्यासमोर बसून लिहिणार की नाही, या दोन्हींचं उत्तर मला रविवार, २२ मार्च, दुपारी बाराच्या आत हवं. मेसेज करू नकोस, खाली स्वयंपाकघरात येऊन तोंडानं सांग. "बघू" म्हणालास तर ते नाही असं धरेन आणि सोमवारी सकाळी अंतराबरोबर नवीन पासपोर्टचा अर्ज भरायला जाईन. हो की नाही, तेवढं सांग.